‘पण शेवटी जिंकले ना?’

दुसऱ्या महायुद्धाचा विषय कुठेही निघो, व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे असोत की जेवणानंतरच्या गप्पा, एक वाक्य ठरलेले असते. स्टालिनने माणसे मारली, तुरुंगात सडवली, सगळे मान्य. पण शेवटी जिंकले ना? तो तेवढा कठोर नसता तर हिटलर मॉस्कोत पोचला असता, हा त्याचा पुढचा भाग. आणि मग जरा आवाज खाली आणून तिसरा भाग येतो: आपल्याकडेही असाच कुणीतरी पाहिजे.

या वाक्याला आकड्यांनी उत्तर देता येते. पण आकडे ऐकून कुणी मत बदलल्याचे मी अजून पाहिलेले नाही. म्हणून एका अधिकाऱ्याबद्दल लिहितो, ज्याला ही मंडळी नेहमी आपला साक्षीदार म्हणून उभे करतात. कॉन्स्टंटिन रोकोसोव्स्की. जवळजवळ तीन वर्षे कोठडीत काढली, मार खाल्ला, सुटला, आणि ज्यांनी मारले त्यांच्याच झेंड्याखाली लढून सोव्हिएत संघाचा मार्शल झाला. त्याने कधी तक्रार केली नाही. मग म्हणतात, ज्याने सोसले त्याला राग नव्हता, तुम्हाला कसला एवढा राग?

रोकोसोव्स्कीचे युद्धातले आयुष्य तारखांसकट वाचले तर तो या मंडळींच्या बाजूने साक्ष देत नाही. तो त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो, असे माझे ठाम मत आहे.

जन्म १८९६चा. वडील पोलिश, रेल्वेच्या नोकरीत, आई रशियन. बालपण वॉर्सात गेले. आईवडील लवकर वारले आणि पोर मोज्यांच्या कारखान्यात, मग पाथरवटांच्या हाताखाली कामाला लागले. १९१४ साली झारच्या घोडदळात भरती, क्रांतीनंतर लाल सैन्यात. १९३० साली तो एका घोडदळ डिव्हिजनचा प्रमुख होता, आणि त्याच डिव्हिजनमधली एक ब्रिगेड गिओर्गी झुकॉव्हच्या ताब्यात होती. पुढे बर्लिन जिंकणारा झुकॉव्ह तो हाच. १९४१ साली मॉस्कोसमोर ही उतरंड नेमकी उलटी झाली होती: झुकॉव्ह वर, रोकोसोव्स्की खाली. मधल्या काळात एकजण मंगोलियात जपान्यांशी लढून नाव कमावत होता आणि दुसरा लेनिनग्राडच्या तुरुंगात होता.

ऑगस्ट १९३७मध्ये त्याला पकडले. आरोप पोलंड आणि जपानसाठी हेरगिरी केल्याचा. पोलंडसाठी, कारण आडनाव पोलिश. जपानसाठी, कारण पूर्वी नोकरी अतिपूर्वेला झालेली. दात पाडले, बरगड्या मोडल्या. त्याने कबुलीजबाबावर सही केली नाही. तेव्हा सोव्हिएत सैन्यात एकूण पाच मार्शल होते. त्यांतल्या तुखाचेव्स्कीला जून १९३७मध्ये गोळी घातली, येगोरॉव्हला १९३९मध्ये, आणि ब्ल्युखर कोठडीतच मेला. त्यांच्याखालच्या हजारो अधिकाऱ्यांना पकडले, काढून टाकले किंवा मारले. ज्यांना हात लागला नाही, त्यांनी शेजारच्या टेबलावरचा माणूस एका रात्रीत नाहीसा झालेला पाहिला होता. याचा परिणाम काय होतो ते पुढे कीव्हच्या प्रसंगात दिसेल.

नोव्हेंबर १९३९मध्ये या सैन्याने फिनलंडवर चढाई केली. चिमुकला देश, पण १०५ दिवस त्याने सोव्हिएत सैन्याला रडवले. सव्वा लाखाच्या आसपास सोव्हिएत सैनिक मेले. १२ मार्च १९४०ला तह झाला आणि २२ मार्चला रोकोसोव्स्की तुरुंगाबाहेर आला. ज्यांना ‘सरकारने स्वतःची चूक सुधारली’ असे वाटते, त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात. अनुभवी अधिकाऱ्यांशिवाय लढता येत नाही, हे बर्फात गोठलेल्या प्रेतांनी शिकवल्यावर काही दारे उघडली, एवढेच घडले. जे आधीच मारले गेले होते त्यांच्यासाठी कुठलेच दार उरले नव्हते. आणि ज्या यंत्रणेने पकडले ती तशीच शाबूत होती.

ती किती शाबूत होती ते ऑक्टोबर १९४१मध्ये दिसले. रोकोसोव्स्की तेव्हा १६व्या आर्मीचा प्रमुख म्हणून मॉस्कोच्या पश्चिमेला वोलोकोलाम्स्कच्या रस्त्यावर उभा होता. हाताशी तुटपुंजे सैन्य, समोर जर्मन रणगाडे. २७ ऑक्टोबरला वोलोकोलाम्स्क पडले. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑक्टोबरला, व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्हजवळ सोव्हिएत सरकारने स्वतःच्याच वीस जणांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. त्यांत होता याकोव्ह स्मुश्केविच, स्पेनमध्ये लढलेला वैमानिक, ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब दोनदा मिळालेला. होता ग्रिगोरी श्टेर्न, हवाई संरक्षणाचा प्रमुख. होता पाव्हेल रिचागॉव्ह, वयाची तिशी गाठण्याआधीच हवाई दलाच्या प्रमुखपदी पोचलेला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको मारिया नेस्तेरेन्को, तीही वैमानिक. मॉस्कोवर जर्मन विमाने घिरट्या घालत होती आणि हवाई दल चालवलेली माणसे एका खड्ड्याशी उभी करून मारली जात होती. ‘जिंकले ना?’ म्हणणाऱ्यांना माझा इतकाच प्रश्न आहे: त्या दिवशी त्या वीस गोळ्यांनी मॉस्कोच्या बचावात कोणती भर घातली?

भीतीने माणूस शूर होतो असे मानणाऱ्यांनी त्याआधीचे दोन प्रसंगही बघावेत. पहिला लवकर सांगून होतो. पश्चिम आघाडीचा प्रमुख दिमित्री पाव्हलॉव्ह याला जर्मनीने सोव्हिएत संघावर केलेल्या हल्ल्यानंतर बरोबर एका महिन्याने, २२ जुलै १९४१ला, गोळी घातली. हल्ल्याची चिन्हे दिसत असतानाही जर्मनांना चिथावणी मिळेल म्हणून सैन्याला वेळेवर सज्ज होऊ दिले नव्हते, आणि तो निर्णय मॉस्कोचा होता. पाव्हलॉव्ह फार थोर सेनापती होता असे नाही, पण तो बळीचा बकरा होता. १९५७ साली त्याच्यावरचा कलंक अधिकृतपणे पुसला गेला, तेव्हा त्याला मरून १६ वर्षे झाली होती.

दुसरा प्रसंग कीव्हचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे भीती प्रत्यक्ष काम कशी करते ते दिसते. कीव्ह सोडून मागे या, असे झुकॉव्हने जुलैच्या अखेरीस सुचवले आणि त्याचे सैन्यप्रमुखपद गेले. सप्टेंबरमध्ये तेच त्या भागातल्या सैन्याचा वरिष्ठ सेनापती बुद्योन्नी याने सुचवले, त्यालाही हटवले. सप्टेंबरच्या मध्यावर जर्मनांचा वेढा पूर्ण झाला. १६ तारखेला बुद्योन्नीच्या जागी आलेल्या तिमोशेन्कोने बाग्राम्यान या अधिकाऱ्याला विमानाने आघाडीप्रमुख किर्पोनोसकडे पाठवले, तोंडी निरोप देऊन: माघार घ्या. किर्पोनोस म्हणाला, लेखी द्या. मॉस्कोने मला कीव्ह सोडू नको म्हणून सांगितले आहे, नुसत्या तोंडी शब्दावर मी सैन्य हलवणार नाही. मॉस्कोकडे विचारणा गेली. परवानगी यायला १७ तारखेची मध्यरात्र उजाडली. तोवर रस्ते बंद झाले होते. २० तारखेला किर्पोनोस वेढ्यात मारला गेला. जर्मनांनी साडेसहा लाखांहून जास्त कैदी धरल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी फाइल अडकलेली पाहिली आहे, त्याला हे ‘लेखी द्या’ समजावून सांगायला नको. किर्पोनोस भित्रा नव्हता. फिनलंडच्या युद्धात शौर्याबद्दल वीर ठरलेला माणूस होता तो. जर्मन तोफेला तो घाबरत नव्हता. पाव्हलॉव्हचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच माणसांच्या गोळीची भीती मोठी झाली की सेनापती आधी स्वतःची पाठ सांभाळतो आणि मग आघाडी. तो वर खोटे कळवतो, उशिरा कळवतो, कागदाची वाट बघतो. त्या दीड दिवसाची किंमत अंगावर गणवेश असलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी मोजली.

रोकोसोव्स्कीचे वेगळेपण इथे आहे. सगळ्यात जास्त घाबरण्याचे कारण ज्याच्याकडे होते तोच माणूस वारंवार ‘नाही’ म्हणत राहिला.

नोव्हेंबर १९४१. जर्मनांचा मॉस्कोवरचा दुसरा रेटा सुरू झाला होता. रोकोसोव्स्कीच्या मागे इस्त्रा नदी आणि तिचा जलाशय होता. त्याचे म्हणणे साधे होते: थकलेले सैन्य वेळेत पाण्यामागे नेऊ द्या, थोड्या माणसांत ती रेषा धरता येईल, नाहीतर शत्रू आम्हाला ढकलत ढकलत आमच्याबरोबरच पाणी ओलांडेल. झुकॉव्हने नकार दिला, मरेपर्यंत जागा सोडायची नाही. रोकोसोव्स्कीने मग जे केले ते त्या काळात जिवावर उदार होऊनच करता येत होते. वरिष्ठाला ओलांडून त्याने थेट सैन्यप्रमुख शापोश्निकॉव्हकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली. थोड्याच वेळात झुकॉव्हची तार आली: आघाडीचे सैन्य माझ्या हुकमात आहे, माघारीचा आदेश रद्द, एक पाऊलही मागे नाही. रोकोसोव्स्कीने हुकूम पाळला. आणि जर्मन त्याने सांगितले होते तसेच सैन्याला ढकलत इस्त्रा ओलांडून गेले. झुकॉव्ह मोठा सेनापती होता यात शंका नाही, मॉस्को वाचवण्यात त्याचा वाटाही मोठा. पण त्या आठवड्यात बरोबर कोण होते?

स्टालिनग्राड आपल्याला अनोळखी नाही. अण्णाभाऊ साठ्यांच्या पोवाड्याने ते नाव मुंबईच्या कामगार वस्त्यांत पोचवले. त्या शहराभोवतीचा वेढा आवळत नेणारी ‘डॉन आघाडी’ (डॉन नदीवरून पडलेले नाव) होती रोकोसोव्स्कीची. तिथे आत अडकलेले जर्मन ऐंशी-नव्वद हजार असावेत असा सुरुवातीचा अंदाज होता; प्रत्यक्षात ते त्याच्या अडीच-तीन पट निघाले. ८ जानेवारी १९४३ला शरणागतीची संधी दिली, ती नाकारल्यावर १० तारखेला हल्ला सुरू केला, ३१ला फील्डमार्शल पाउलस हाती लागला. त्याच्यासमोर चौकशीला बसलेल्या दोन सोव्हिएत सेनानींपैकी एकाला तीन वर्षांपूर्वी स्वतःच्याच देशाच्या पोलिसांनी चौकशीत दात पाडून सोडले होते.

कुर्स्कच्या लढाईवर फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला थांबायचे आहे ते मे १९४४मधल्या एका खोलीपाशी.

बेलारूस मोकळे करायचे होते. रोकोसोव्स्कीच्या वाट्याला बोब्रुइस्क शहर आले. रणनीतीच्या पुस्तकाप्रमाणे मुख्य धडक एकच हवी, सगळी ताकद तिच्यात. रोकोसोव्स्की आघाडीवर गेला, पोटावर सरपटत पुढच्या खंदकांपर्यंत पोचला आणि त्याची खात्री पटली की रोगाचेव्हच्या बाजूने एकट्या धडकेत सगळे सैन्य मावणारच नाही, चेंगराचेंगरी होईल. दक्षिणेला पारिचीच्या बाजूला दलदल. तिथून रणगाडे येतील असे जर्मनांच्या मनातही नव्हते. म्हणून त्याने दोन धडका मांडल्या, दोन्ही मुख्य.

मॉस्कोत बैठक झाली. त्याने स्वतः पुढे लिहिल्याप्रमाणे स्टालिनला हे पटले नाही. ताकद विभागणे म्हणजे चूक. शेजारच्या खोलीत जा, विचार करा आणि या, असे त्याला सांगण्यात आले. तो गेला, आला, म्हणाला, दोन धडका. पुन्हा जा, पुन्हा विचार करा. पुन्हा गेला.

त्या शेजारच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाकडे क्षणभर बघा. सत्तेचाळिशीतला, उंच, देखणा, तोंडातले बरेचसे दात नकली. दाराच्या पलीकडे तो माणूस बसला आहे ज्याच्या राज्यात ‘मी निर्दोष आहे’ म्हटल्याबद्दल बरगड्या मोडल्या होत्या. याने एवढे म्हटले की पुरे: आपले म्हणणे मागे घेतो. कुणी दोष देणार नाही, नोकरी राहील, जीव राहील. हल्ला फसला तर ती मॉस्कोची योजना असेल. तो बाहेर आला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, दोन धडका. स्टालिनने मान्य केले आणि म्हणाला की आघाडीप्रमुख इतका अडून बसतो याचा अर्थ त्याने विचार केलेला आहे.

झुकॉव्हने या प्रसंगाची ही हकीगत आपल्या आठवणींत नाकारली आहे. दोन धडका आधीपासूनच योजनेत होत्या, वाद झालाच नाही असे त्याचे म्हणणे. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, आणि ते वाचकाला सांगणे माझे कर्तव्य आहे. दलदलीत पुढे काय झाले याबद्दल मात्र वाद नाही. पावेल बातॉव्हच्या ६५व्या आर्मीच्या सैनिकांनी ओंडके अंथरून चिखलावर रस्ते केले. वेताच्या काड्यांचे रुंद तळवे विणून पायाला बांधले आणि त्यावर चालायला शिकले. २४ जूनला त्या ओंडक्यांवरून रणगाडे निघाले. २७ला जर्मन ९व्या आर्मीचा मोठा भाग वेढ्यात होता, २९ला बोब्रुइस्क मुक्त झाले, ३ जुलैला मिन्स्क. रोकोसोव्स्की मार्शल झाला तो २९ जूनलाच.

आणि उत्तरेच्या, रोगाचेव्हच्या बाजूने जी ३री आर्मी लढत होती तिचा प्रमुख कोण होता? अलेक्सांद्र गोर्बातॉव्ह. १९३८ साली पकडलेला, कबुलीवर सही न केलेला, अतिपूर्वेकडच्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत दात हलेपर्यंत राबवलेला, आणि मार्च १९४१मध्ये सोडलेला. म्हणजे बोब्रुइस्कच्या त्या गाजलेल्या विजयात आघाडीचा प्रमुख ‘देशद्रोही’ आणि त्याच्या एका आर्मीचा प्रमुखही ‘देशद्रोही’. थोड्या कागदांचा फरक पडला असता तर दोघेही कुठल्या तरी खड्ड्यात असते, आणि कदाचित त्या बैठकीत हुकमाला फक्त मान हलवणारे कुणी बसले असते. ‘कठोर हाताने युद्ध जिंकले’ असे म्हणताना या दोघांना त्या हाताच्या खात्यावर जमा करणे मला लबाडी वाटते. ते त्या हातातून निसटलेले होते.

हे मान्य करायला हवे की केवळ रोकोसोव्स्कीसारख्यांनी युद्ध जिंकले नाही. उरालपलीकडे हलवलेले कारखाने, अमेरिकेचे ट्रक आणि डबाबंद अन्न, आणि सगळ्यांत वर साध्या सैनिकाचे धैर्य. नाझी काय करतात हे जाळलेल्या गावांनी दाखवल्यावर त्या सैनिकाला लढायला स्टालिनच्या बंदुकीची गरज नव्हती. जुलै १९४२च्या ‘एक पाऊलही मागे नाही’ या हुकमाचे गोडवे गाणारे हे विसरतात की त्यानंतर चारच महिन्यांनी स्टालिनग्राडला जो विजयाचा पाया घातला गेला तो सेनापतींना योजना आखायला वेळ आणि मोकळीक दिल्यावर. स्टालिनने युद्धाच्या दुसऱ्या अर्ध्यात सेनापतींचे ऐकायला सुरुवात केली. त्याने ऐकले तेव्हा सैन्य पुढे सरकले, दरडावले तेव्हा कीव्ह झाले. इतका सरळ हिशोब इतिहासात क्वचित मिळतो.

आता शेवटचा मुद्दा, ‘त्याने तक्रार केली नाही’.

खरे आहे, केली नाही. गोर्बातॉव्हने केली, कोलिमाबद्दल त्याने १९६४ साली छापून आणले. रोकोसोव्स्की गप्प राहिला. पण गप्प राहणे म्हणजे क्षमा करणे असे कुणी ठरवले? त्याच्या मुलीने पुढे सांगितले की तो कायम पिस्तूल जवळ बाळगत असे. का म्हणून विचारल्यावर म्हणाला होता, पुन्हा न्यायला आले तर जिवंत हाती लागणार नाही. छातीवर पदके, मॉस्कोच्या लाल चौकात २४ जून १९४५च्या विजय संचलनाचे नेतृत्व काळ्या घोड्यावरून करणारा मार्शल, आणि घरात स्वतःच्या सरकारसाठी ठेवलेले पिस्तूल. ज्यांना या माणसाच्या मौनात समाधान दिसते त्यांनी ते पिस्तूल विसरू नये.

आणि या भीतीची सर्वांत वाईट किंमत अजून सांगायची आहे. १९४९ साली त्याला पोलंडचा संरक्षणमंत्री करून वॉर्साला पाठवले. बालपणीचे शहर. पोलिश लोकांच्या १९४४च्या उठावात जर्मनांनी ते उद्ध्वस्त केले तेव्हा त्याच्याच आघाडीचे सैन्य विस्तुला नदीच्या पलीकडच्या काठावर होते. ते पुढे का सरकले नाही यावर आजही भांडण आहे, आणि त्या वेळी त्याची सख्खी बहीण त्या शहरात होती. मंत्री म्हणून त्याच्या कारकिर्दीत पोलिश अधिकाऱ्यांवर खोटे आरोप ठेवून खटले चालवले गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. जून १९५६मध्ये पोझनानच्या कामगारांवर सैन्य आणि रणगाडे सोडले गेले, पन्नासहून अधिक माणसे मेली. स्वतः खोट्या कबुलीवर सही न करणारा हा माणूस तिथे ‘नाही’ म्हणाला नाही. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे लिहिताना जड जाते. दलदलीच्या नकाशासाठी तिसऱ्यांदा अडून बसणाऱ्या माणसाकडून ती राजवट हेही करवून घेऊ शकली. १९५६च्या अखेरीस पोलंडने त्याला परत पाठवले.

सरकारने त्याचे जन्मगावही बदलून टाकले. जुन्या कागदांवर वॉर्सा, पुढच्या अधिकृत चरित्रांत रशियातले वेलीकिये लूकी. वडिलांच्या नावावरून आलेले पोलिश वळणाचे मधले नावही बदलले आणि तो कॉन्स्टंटिन कॉन्स्टंटिनोविच झाला.

३ ऑगस्ट १९६८ला तो वारला. त्याच सुमारास त्याच्या आठवणी छापून आल्या, सेन्सॉरने कापून. इस्त्राकाठच्या भांडणासारखे भाग गाळलेले होते. ते सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या आवृत्तीत वाचकांना मिळाले. त्या आठवणींची सुरुवात होते १९४० सालच्या वसंतात, कुटुंबासह सोची या समुद्रकाठच्या गावी घालवलेल्या सुटीने. त्या सुटीआधी तो कुठे होता, बायको आणि मुलगी कुठे होत्या, याबद्दल एक ओळ नाही. परत जोडलेल्या पानांतही नाही. तुरुंगाची पाने सेन्सॉरला कापावी लागली नाहीत, कारण त्याने ती लिहिलीच नव्हती.